फाट्यावरचा दीड गुंठा आणि न बसवायचा घोडा

मी, शिवतेज तानाजी गोरड, वय २८ वर्षे, काम पाण्याच्या टँकरवर चालक, राहणार बोरजाईवाडी, तालुका माण, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र आज स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मी कोणत्याही नशेत नाही. माझ्यावर दबाव आहे, पण हे मृत्युपत्र मी त्या दबावाखाली लिहीत नसून त्या दबावामुळे लिहीत आहे. हा फरक वाचणाऱ्याने ध्यानात घ्यावा.

शुक्रवारी, १६ मे रोजी, मिरजेला माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या दिवशी घरी सोडू. आई म्हणाली, "आरं, हर्निया हाय, फाशी न्हाई." घरात सगळे हसले. परंतु दवाखान्याच्या कागदावर "जिवास धोका संभवतो" असे छापले आहे आणि त्याखाली माझी सही घेतली आहे. ज्याच्याखाली सही करायची ते मी आधी वाचतो. मी बारावीला इंग्रजीत दोनदा नापास झालो, मराठीत नाही.

१. राहते घर, दोन खोल्या व पुढची पडवी, बँकेतील शिल्लक आणि नऊ मेंढ्या आई मनुबाई तानाजी गोरड यांना. मागच्या खोलीचा पत्रा वळवाच्या पावसाआधी बदलावा. मी जिवंत असलो तर मीच बदलीन, हे मी मार्चपासून सांगत आहे.

२. माझी हत्यारे, म्हणजे पान्यांचा संच, ग्रीस गन व पाइपाचे दोन पितळी जोड, टँकरवर माझ्या जागी जो येईल त्याला द्यावीत. संचात बत्तीस नंबरचा पाना नाही. तो आणि माझा जॅक माझे चुलतभाऊ राजवर्धन यांच्याकडे गेल्या दिवाळीपासून आहेत. मागितले की म्हणतात, "देतो की गड्या, पळून चाललोय का?" ते पळून चाललेले नाहीत हे मला मान्य आहे. चाललो तर मीच.

३. आता मुख्य गोष्ट. माझे पणजोबा धुळा गोरड पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेतून इराकात बसऱ्याकडे गेले होते. त्यांच्या चार वस्तू माझ्या पत्र्याच्या पेटीत आहेत: पितळी बिल्ला, जनावराच्या तोंडाला बांधायचा तोबरा, पखालीचे, म्हणजे पाण्याच्या कातडी पिशवीचे, पितळी तोंड आणि फौजेतून सुटल्याचा इंग्रजी कागद. या चारही वस्तू एकत्र ठेवाव्यात. बिल्ला तेवढा चकाकतो म्हणून तो उचलून बाकीच्या टाकू नयेत.

गावात सांगतात की धुळा गोरड घोडदळात होते आणि तलवार उपसून तुर्कांवर गेले. हे खरे नाही. तो कागद मी इस्लामपूरला टायपिंगचे काम करणाऱ्या चंदना जवाहर पाटील यांच्याकडून शब्दन् शब्द वाचून घेतला. पणजोबा खेचरांच्या तांड्यावर होते. त्यांचे काम वाळवंटात पुढे गेलेल्या घोडदळाला मागून पाणी पोचवणे. ते खेचरावर बसतसुद्धा नव्हते. दोर धरून पुढे चालत होते, कारण खेचराच्या पाठीवर पाणी होते.

यात कमीपणा काय हे मला कळत नाही. मी हिशेब केला आहे. उन्हात एका घोड्याला दिवसाला तीस लिटर पाणी लागते. चारशे घोड्यांचे झाले बारा हजार, म्हणजे बरोबर माझा एक टँकर. एक खेचर सत्तर लिटर नेते. म्हणजे माझ्या एका खेपेला एकशे सत्तर खेचरे, रस्ता नाही, सावली नाही, आणि वरून गोळ्या. ज्यांनी आयुष्यात पाण्याची एक खेप केलेली नाही ते मला म्हणतात, "खेचरं हाकण्यात कसला आलाय पराक्रम?"

४. कागदावर आणखी एक ओळ आहे. ती मी आजवर फक्त तिघांना सांगितली आहे. आता लिहून ठेवतो. "जनावरांचे पाणी हुकमाशिवाय माणसांना दिले, सबब नाईक पदावरून खाली." पुढचे माझे आजोबा कोंडीबा यांनी सांगितले, त्यांना खुद्द पणजोबांनी. पुढे घोडे दोन दिवस तहानलेले उभे होते. बारा खेचरे, चोवीस पखाली घेऊन पणजोबा निघाले. वाटेत जखमींच्या गाड्या अडकलेल्या. त्यांच्याकडे पाण्याचा थेंब नव्हता. आमच्या घरचा नियम असा की आधी जनावर पिणार, मग माणूस, कारण मुक्याला मागता येत नाही. मेंढरे राखणाऱ्या घरात हे कोणी शिकवावे लागत नाही. परंतु त्या दिवशी माणसे मागत होती. त्यांनी सहा पखाली सोडल्या. पुढे पोचेपर्यंत अकरा घोडे पडले होते.

म्हातारपणी ते म्हणत, "चूक व्हती. पर परत ती मानसं दिसली तर परत सोडीन." आणि परत आल्यापासून मरेपर्यंत मेंढरे प्यायल्याशिवाय त्यांनी कधी तांब्या तोंडाला लावला नाही. तापात सुद्धा नाही.

(गेल्या उन्हाळ्यात टँकरच्या सरकारी यादीत नसलेल्या एका मेंढपाळांच्या वाड्यापाशी मी टँकर थांबवून मेंढरांना पाणी दिले. टँकरवरच्या जीपीएस यंत्रावर "अनधिकृत थांबा, सतरा मिनिटे" असे उमटले आणि पंधरा दिवस मला घरी बसवले. याचा या मृत्युपत्राशी संबंध नाही. फक्त नोंद.)

५. रस्ता रुंद झाला तेव्हा आमच्या शेतापासून तुटलेला फाट्यावरचा दीड गुंठा माझ्या एकट्याच्या नावावर आहे. त्याच तुकड्यावर स्मारक समितीला रविवार, १ जून रोजी धुळा गोरड यांचा पुतळा बसवायचा आहे. समितीचे अध्यक्ष माझे चुलते, निवृत्त हवालदार नानासो गोरड. संमतीच्या कागदावर मी सही केलेली नाही. मी गेल्यावर ती आईकडून घेतली जाईल, आणि आई "भावजींस्नी न्हाई कसं म्हनू" म्हणून अंगठा देईल. म्हणून हे सगळे लिहिणे.

पुतळा सांगलीहून आला आहे. तो मुळात दुसऱ्या एका गावाने दुसऱ्याच कोणासाठी करून घेतला होता. त्यांचे आपसात भांडण झाले आणि तो तसाच पडून होता. उधळलेला घोडा, वर चिलखत घातलेला माणूस, एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल. समितीने मुंडके बदलून घेतले. काल फाट्यावर नानासो तात्यांनी ताडपत्री सोडून मला दाखवला.

मी म्हणालो, "तात्या, ह्यो आपला म्हातारा न्हाई."

"मिशी बघ की. मिशी त्येचीच हाय."

"अंगात चिलखत हाय, तात्या. बसऱ्याच्या उन्हात? शिजला असता त्यो."

नानासोंनी ढालीवर बोट वाजवून पाहिले. मग म्हणाले, "बरं, तुझंबी र्‍हाऊ दे. ढाल काढतो आन् तिथं पखाल लावतो. झालं?"

घोड्याला पखाल! त्या चारशे घोड्यांपैकी एकही स्वतःचे पाणी वाहत नव्हता, हाच तर सगळा मुद्दा आहे. हे मी त्यांना तीनदा समजावले. शेवटी ते खालच्या आवाजात म्हणाले, "आरं, पलटनीत मी सांगितलंय, आजा घोडदळात व्हता म्हनून. चाळीस वर्सं झाली. माझ्या बरूबरची पाच-सा जणं येनारैत त्या दिवशी. त्यास्नी काय खेचर दावू?"

ताडपत्री मी त्यांच्याबरोबर पुन्हा बांधून दिली. पण सही मी केली नाही.

६. सबब, माझ्या पश्चात हा दीड गुंठा ग्रामपंचायतीस द्यावा, तो फक्त जनावरांना पाणी प्यायला दगडी हौद बांधण्यासाठी. लांबी अकरा हात, पडलेल्या घोड्यांसाठी एकेक हात. उंची कोकरालाही तोंड पोचेल अशी. यादी नको, कोणाचेही जनावर चालेल. शेजारी पुतळा बसवायचाच असेल तर माणूस पायी असावा, हातात खेचराचा दोर, डोक्याला साधे मुंडासे. खाली "धुळा गोरड, पाणी घेऊन गेले" एवढेच लिहावे. या जागेत घोड्याचा पुतळा उभा राहिला तर जागा त्याच दिवशी ग्रामपंचायतीकडून आईच्या नावे होईल, पण पुतळ्याला संमती देण्याचा हक्क तिलाही नसेल.

७. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम मी नानासो गोरड यांच्यावरच सोपवतो. त्यांचा मला राग आहे. परंतु म्हाताऱ्याला प्रत्यक्ष पाहिलेले गावात तेच एक उरले आहेत, आणि सोपवलेले काम अर्धवट टाकल्याचे मी त्यांचे कधी ऐकलेले नाही. पलटणीतल्या मित्रांना काय सांगायचे ते त्यांनी ठरवावे. तोवर हौदात पाणी असले तर मित्रांना आधी हौद दाखवावा.

८. चंदना पाटील यांना मी काहीही दिलेले नाही, कारण साक्षीदाराला काही देता येत नाही असे त्यांनीच सांगितले. नाहीतर दिले असते.

वरील मजकूर मी दोनदा वाचला. खाडाखोड कोठेही नाही. या आधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि शनिवारी घरी आलो तरी हे फाडणार नाही.

ठिकाण : बोरजाईवाडी
दिनांक : १४ मे २०२५
सही : शिवतेज तानाजी गोरड

साक्षीदार १ : चंदना जवाहर पाटील, इस्लामपूर. (सही)

साक्षीदार २ : नानासो गोरड, निवृत्त हवालदार. (सही)
सहीखाली त्यांच्या अक्षरात : सर्व वाचले. मजकूर मान्य नाही. अकरा हात मात्र कमी पडतील, बारा करा. म्हातारा घरच्या हौदावर मेंढरे पाजायला बसला की शेवटची हातभर जागा कुणासाठी रिकामी ठेवायचा ते मला ठाऊक आहे, ती त्याच्या बाराव्या खेचराची होती, त्या खेपेहून तेही परत आले नाही. एवढे तुला तुझ्या आजोबांनी सांगितले नसेल. मूर्तीवाल्याला फोन केला आहे, घोडा परत घेतो म्हणाला. मिरजेला गाडी मी आणतो, सकाळी सहाला तयार राहा.