आधी भावाचे ताट

२ मार्च
महिला दिनाच्या सभेसाठी चर्चच्या महिला मंडळाने प्रमुख वक्त्या म्हणून अस्मादिकांची निवड केली आहे — एकमताने! म्हणजे दुसरे कोणी तयार नव्हते. विषय: 'आपण लॅटिन माता आणि समता.' सॅन अँटोनियोच्या इतिहासात ही घटना सुवर्णाक्षरांनी, निदान पेन्सिलीने तरी नोंदली जावी.
कन्या इट्झेल (वय सतरा, जिव्हा तीक्ष्ण) हिने भाषण टंकलिखित करून दिले.
"अमा, केवढाली वाक्यं! श्वास कधी घेणार?"
"टाळ्या वाजतील तेव्हा."

८ मार्च, रविवार
दिग्विजय! "माझ्या घरी मुलगा आणि मुलगी यांत अणुमात्र भेद नाही" ह्या वाक्याला मंडळातल्या चायोमावशीने डोळे टिपले. इट्झेल पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होती.
तासाभराने घरी भोजन. चिरंजीव रोहेलियो — शिकागोहून अभियंता होऊन परतलेले, दर रविवारी जेवायला येणारे — खुर्चीवर विराजमान. आणि माझ्या मुखातून, जणू शतकानुशतकांच्या सवयीने:
"इट्झेल, आधी भावाला वाढ. तोर्तिया गरम आहेत तोवर."
ती उठली. वाढले. मग म्हणाली, "अणुमात्र, नाही का गं अमा?"
"अणूला कमी लेखू नकोस," रोहेलियो म्हणाला. "आणि रस्सा अजून घाल."
सगळे हसले. मीही हसले. हसायला नको होते.

९ मार्च
त्याला हात आहेत. दोन. मीच त्यांची नखे कापली आहेत.

२६ मार्च
दूर उत्तरेच्या विद्यापीठाचे पत्र आले. प्रवेश, आणि संपूर्ण शिष्यवृत्ती! इट्झेल पत्र नाचवत स्वयंपाकघरात आली. मी पातेल्यातला डाव न सोडता म्हणाले, "मुलगी घराबाहेर पडते ती पांढऱ्या पोशाखात, नवऱ्याच्या हाताला धरून. इथलं कॉलेज काय वाईट आहे?"
हे वचन माझे नव्हे. मातोश्रींचे. मला परिचारिका व्हायला ह्यूस्टनला जायचे होते, तेव्हा ह्याच वचनाने त्यांनी दार लावले होते. पुढे मी यथासांग पांढऱ्या पोशाखात बाहेर पडले, आणि कित्येक वर्षे त्यांच्याशी धड बोलले नाही. लोकांना वारशात चांदीचे चमचे मिळतात. आम्हांला हे वाक्य.
"दादा शिकागोला निघाला तेव्हा तू बँडवाले आणले होतेस," ती म्हणाली.
"तो मुलगा आहे."
हेही मीच बोलले. प्रमुख वक्त्या!
"बरं, अमा." एवढेच. आदळआपट नाही, अश्रू नाहीत. त्याला मी समजूतदारपणा मानले.

१९ एप्रिल
यजमान एउसेबियो, ज्यांचे आठवड्याचे संभाषण चार वाक्यांत आटोपते, त्यांनी आज त्यातले एक मजवर खर्च केले: "तू जिंकलीस ना, मग तोंड असं का?"

२२ एप्रिल
भाषणाचा कागद सापडला. समासात इट्झेलने पेन्सिलीने लिहिले आहे — 'अमा, इथे थांब. इथे टाळ्या येतील.' बाण त्या अणुमात्रवाल्या वाक्याकडे. तिला ते खरे वाटले होते!
चुलीशी उभी राहून बराच वेळ रडले. कांदा चिरलेला नव्हता, त्यामुळे सबब नाही.

३० एप्रिल
होकार कळवायची मुदत उद्या संपते. निश्चय झाला. चायोमावशीची मोठी बॅग मागून आणली.
"कोण निघालं?" मावशी.
"इट्झेल."
"लग्न?"
"विद्यापीठ."
मावशीने छातीवर क्रुसाची खूण केली आणि बॅग दिली.
अनुज्ञाप्रदानाचे भाषण प्रथम सात वाक्यांचे होते. मग तीन. आता एकच उरले आहे: 'जा, पोरी.'

१ मे
न्याहारीलाच म्हणाले. बॅग पुढे केली.
तिने चेन उघडली. पुन्हा लावली.
"अमा, मी सत्तावीस मार्चलाच नकार कळवला. जागा दुसऱ्या कुणाला मिळालीसुद्धा."
आवाजात राग नव्हता. मी शोधला.
मग म्हणाली, "रविवारी दादा येतोय ना? त्याच्या रश्श्यासाठी मिरच्या भिजत घालू?"