नेवेना या नावाची हकिकत

चि. रादोस्तिना हिला आजीचे पोटभर आशीर्वाद. तू, जावईबापू आणि तुझ्या पोटातली चिमुरडी, तिघंही खुशाल असाल असं धरून चालते. मी बरी आहे, गुडघे सोडून. (पोस्टातली स्तांका लिहून घेते आहे. गुडघ्यांचं लिहू नको म्हटलं होतं; वाचून दाखवलं तेव्हा कळलं, बाईनं लिहिलंच.)

मुलीला माझं नाव ठेवायचं म्हणतेस आणि अर्थ विचारतेस. हॅम्बुर्गात राहून बल्गेरियातली फुलं विसरलीस वाटतं. नेवेन कुंपणाशी येतं, झेंडूसारखं केशरी. तोडावं तितकं फुलतं. नेवेन म्हणजे न कोमेजणारं. ऐकायला गोड आहे. आता ते मला कसं चिकटलं ते ऐक.

माझ्या आधीची आईची सगळी लेकरं पाळण्यातच गेली. मग तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे मला पहाटे चौरस्त्यावर ठेवलं. पहिला जो उचलेल तो धर्मपिता, त्यानं नाव द्यायचं, की मूल जगतं. माझे वडील हुशार (हे त्यांचं मत). त्यांनी गिरणीवाल्या दिम्कोला आधीच सांगून ठेवलं होतं, की सकाळी सहज तिकडून जा. आई आणि ते झुडपाआड बसले. दिम्को आदल्या रात्री ढोसलेल्या राकियानं अंथरुणात आडवा, आणि वळणावरून आला कोण, तर खांद्यावर फावडं टाकून कबरी खणणारा गांचो. आईनं तोंडात रुमाल कोंबला. वडील झुडपातून हात हलवत होते, पुढे जा, पुढे जा. त्यानं टोपी काढून उलट नमस्कार केला, फावडं खाली ठेवलं आणि मला उचललं. माझ्या सगळ्या भावंडांचे खड्डे त्यानंच खणले होते. चर्चमध्ये नाव विचारलं तेव्हा म्हणाला, "नेवेना ठेवा. एवढी एक तरी माझ्याकडे यायला नको."

नाही गेले. मीच त्याला पोचवून आले. मग दिम्कोला, मग तुझ्या आजोबांना, मग तुझ्या आईला. न कोमेजणं ते हे, बाळ. सगळी बाग वाळते आणि आपण आपले उभे. तेव्हा मुलीचं नाव रोझा ठेव. गुलाब वेळेवर फुलतो, वेळेवर गळतो, कुणाला ताटकळत ठेवत नाही.

तुझी आजी
(अंगठा माझा, शाई सरकारची)

ता. क. वसंतात फुलांचा रविवार येईल, फुलांची नावं असलेल्यांचा नामदिन. तोवर तुझी लेक मान धरू लागली असेल. नामदिनाला कुणाला बोलवायचं नसतं, यायचं तो येतो. म्हणून मी तुला बोलावत नाहीये. त्या दिवशी घरोघर मासा करतात, तो मात्र मोठा आणणार आहे.

ता. क. दुसरं. रोझाचं स्तांकाला खोडायला सांगितलं, ती नाही म्हणते, कागद घाण होतो. तू माझंच नाव ठेवलंस, तर घेऊन ये तिला. इथं मला सगळे आजी म्हणतात. नेवेना म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नाही. घरात ती हाक एकदा ऐकायची आहे, मीच मारलेली का असेना.