फक्त मला दिसणारं पान

अण्णा, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात साधा फोनसुद्धा नव्हता, त्यामुळे मी हल्ली काय शिकतेय ते तुम्हाला कुठून सांगायला सुरुवात करू, हेच कळत नाहीये. मी वेब पेज बनवायला शिकतेय. पेज म्हणजे पानच, फक्त ते कागदाऐवजी कॉम्प्युटरवर असतं आणि कुणीही, कुठूनही उघडून वाचू शकतं. निदान मला तसं वाटलं होतं. कल्याणला स्टेशनच्या पश्चिमेला चपलांच्या दुकानावर एक क्लास आहे, तिथे मी टिटवाळ्याहून आठवड्यातल्या तीन दुपारी जाते. वर्गात सगळी कॉलेजातली मुलं आणि त्यांच्यात पंचावन्न वर्षांची मी. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या मुलीनेच विचारलं, "काकू, ॲडमिशन कोणासाठी?" मी म्हटलं, "माझ्यासाठीच." तिचा चेहरा एवढासा झाला. मलाच तिची दया आली आणि मी लगोलग फी भरून टाकली. आता ती मला काकू म्हणते, मी तिला मॅडम म्हणते, आणि आमचं बरं चाललंय.

या वयात हे कशाला, असं तुम्ही विचारलं असतंत. जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणींना मी सांगते की डोकं चालतं राहावं म्हणून. खरं कारण एवढं भारी नाही. आई गेली, त्याच वर्षी मी ठाण्याच्या नोकरीतून लवकर निवृत्ती घेतली, आणि मग लक्षात आलं की सातव्या मजल्यावरच्या या नव्या कोऱ्या घरात दिवसभर माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. लग्न मी केलं नाही, ते तुम्हाला माहीत आहे; तुम्ही असताना तुम्हीच दोन स्थळं परत पाठवलीत, नंतर मी. त्याचं मला काही वाटत नाही. पण एखाद्या दिवशी भाजीवाल्याला "पाव किलो दे" म्हटल्यावर घसा खाकरावा लागतो, सकाळपासून वापरलेलाच नसतो म्हणून. अशाच एका दिवशी रिक्षाच्या मागे क्लासची जाहिरात पाहिली. स्वतःचं वेब पेज स्वतः बनवा, जगाला दाखवा. मला तुमचा फळा आठवला.

आपल्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या भिंतीला लागून मंडळाने केलेला तो फळा. तुम्ही जुन्या सेलमधला कोळसा कुटून, त्यात कसलासा पाला वाटून तो काळा करायचात आणि आई ओरडायची की पाटा घासून ठेवा, मला त्याच्यावर मिरची वाटायची आहे. पहिल्या पाळीला शहाडच्या कारखान्यात जायच्या आधी, आई स्टोवर चहा ठेवून भाकरी थापत असताना, तुम्ही कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मजकूर जुळवत बसलेले असायचात. उद्या नळाला पाणी येणार नाही. रेशनवर रॉकेल आलं आहे. कालकथित अमुक यांचा पुण्यानुमोदन कार्यक्रम रविवारी. तमक्यांची मुलगी बारावी पास, मंडळातर्फे अभिनंदन. बोलताना तुमची भाषा अगदी गावाकडची, आणि फळ्यावर मात्र शाळेच्या पुस्तकासारखी शुद्ध. मी ओलं फडकं घेऊन तुमच्या मागे. कालचं पुसणं माझं काम, आजचं लिहिणं तुमचं. खडू तुम्ही रात्री साखरेच्या पाण्यात भिजवून ठेवायचात, अक्षर ठसठशीत यावं म्हणून, आणि त्यामुळे आपल्या घरात मुंग्या बारा महिने. लिहून झालं की तुम्ही चार पावलं मागे जाऊन बघायचात. तोवर दूधवाला, शेंगदाणेवाल्या आजी, पाळी सुटून आलेले लोक थांबून वाचायला लागलेले असायचे. वाचून कुणी काही म्हणायचं नाही, नुसती मान हलवून पुढे जायचं. त्या मान हलवण्यात तुमचा दिवस भागायचा, हे मला आत्ता कळतंय.

चौथीत मला चित्रकलेत बक्षीस मिळालं तेव्हा मी तुमची पाठ वळल्यावर फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात ते लिहून टाकलं, स्वतःच्या नावासकट, आणि शेजारी एक फूल काढलं. तुम्ही पाहिलंत. ओरडला नाहीत. माझ्याच हातातलं फडकं घेऊन तेवढा कोपरा पुसलात आणि म्हणालात, "फळा समद्यांचा हाय, बाय. हितं आपल्या घरातलं लिहायचं नसतंय." मी म्हटलं, "मग दुसऱ्यांच्या मुलींचं लिहिता ते?" तुम्ही म्हणालात, "त्ये दुसऱ्यांचं हाय म्हणून." दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही कल्याणच्या बाजारातून लाकडी चौकटीची मोठी दगडी पाटी आणलीत. "तुजं काय असंल त्ये हिच्यावर लिही." पाटी छान होती, पण ती घरात होती, वाचणार कोण? मी तिच्यावर काय काय लिहिलं आणि पुसलं ते आईलाही ठाऊक नसेल.

आता क्लासचं ऐका. यात काय करायचं, तर टोकदार कंसांच्या खुणेत एक शब्द लिहायचा, मग आपला मजकूर, आणि शेवटी तीच खूण तिरकी रेघ घालून पुन्हा लिहायची. याला टॅग म्हणतात. एक उघडणारा, एक बंद करणारा. मी उघडायचे आणि बंद करायला विसरायचे, की तिथपासून खालचं सगळं पान जाड अक्षरात. मॅडम मागून यायच्या. "काकू, परत टॅग उघडा ठेवलात! अख्खं पेज बोल्ड करून टाकलंत तुम्ही. बघा ना जरा." शेजारचा मुलगा हसायचा आणि त्याचं पान तर उघडतच नसायचं. दोन आठवड्यांत मला मथळा, परिच्छेद, रंग, चित्र एवढं जमायला लागलं. पहिल्यांदा मी "नमस्कार" लिहून ते पानावर उमटलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून चार पावलं मागे गेले. मागच्या बाकावरच्या मुलीच्या पायावर पाय पडला.

मग मॅडमनी सगळ्यांना एक पान करायला दिलं, माझ्याविषयी. मुलांनी भराभर फोटो लावले, छंद लिहिले. मी नाव लिहिलं, गाव लिहिलं, "निवृत्त" लिहिलं आणि पुढे काही सुचेना. तासभर बसून मी ते सगळं पुसलं आणि घरी येऊन आमच्या बिल्डिंगचं पान केलं. पाणी किती वाजता, कोणती लिफ्ट बंद, लाइट जाणार आहे का, कुणाला स्वयंपाकाला बाई हवी आहे. तुम्ही खूश झाला असतात. सेक्रेटरी तर फारच खूश झाले, कारण रोज ग्रुपवर सूचना टाकायचं त्यांचं काम वाचलं. "मॅडम, एकदम भारी आयडिया. मी तुम्हाला कळवत जातो, तुम्ही टाका पेजवर." मी पानाच्या वर जो पत्ता दिसतो तो जसाच्या तसा उचलून सोसायटीच्या ग्रुपवर पाठवला आणि लिहिलं, यापुढे सर्व सूचना इथे वाचाव्यात. लगेच अंगठे आले. हात जोडलेले आले. एकाने फुलांचा गुच्छ पाठवला.

अण्णा, पुढचे काही आठवडे इतके छान गेले म्हणून सांगू. सकाळी उठायला कारण मिळालं. चहा झाला की लॅपटॉप उघडायचा, कालचं पुसायचं, आजचं लिहायचं. मजकूर आधी कागदावर जुळवायचे. कंटाळा नको म्हणून मथळ्याचा रंग अधूनमधून बदलायचे. लिफ्टमध्ये कुणी माझ्याकडे बघून मान हलवली की वाटायचं, वाचलंय यांनी. मी जरा ताठ उभी राहायचे. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच मला या बिल्डिंगमध्ये आपण राहतो असं वाटायला लागलं.

मग एक दिवस पंपाचं काम निघालं. सेक्रेटरींनी मला आदल्या दिवशी कळवलं होतं आणि मी लाल अक्षरात लिहिलं होतं, उद्या दिवसभर पाणी नाही, भरून ठेवावे. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी बिल्डिंग जिन्यात. कुणाच्या डोक्याला साबण, कुणाच्या घरी पाहुणे. "अरे, सांगायला नको का कोणी? एक मेसेज टाकायला काय जातं?" मी पुढे होऊन म्हटलं, "पेजवर घातलं होतं ना मी, कालच." सगळे माझ्याकडे बघायला लागले. तिसऱ्या मजल्यावरचा माणूस म्हणाला, "कुठलं पेज?" चेष्टा नव्हती त्यात. त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याचा अंगठा मला आठवत होता, सगळ्यात आधी आला होता.

दुपारी मी क्लासमध्ये मॅडमना फोनवरचा तो मेसेज दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. "काकू, ही लिंक नाहीये. ही तुमच्या लॅपटॉपमधली फाईल आहे, तिची जागा आहे ही. लिंक असती तर निळी झाली असती. हे पेज फक्त तुम्हालाच दिसतं." मी विचारलं, "म्हणजे इतके दिवस कुणालाच दिसलं नाही?" त्या म्हणाल्या, "कोणीच बोललं नाही का, ओपन होत नाही म्हणून?" नव्हतं बोललं कुणी. उघडून पाहिलं असतं तर बोलले असते. मी रोज सकाळी अंघोळ करून, चष्मा पुसून, दगडी पाटीवर लिहीत होते तर. चूक माझी होती, पण रडू आलं ते त्या चुकीमुळे नव्हतं. मॅडम भली मुलगी. तिने वर्ग सोडून मला खाली नेलं, कटिंग चहा पाजला आणि म्हणाली, "इंटरनेटवर चढवू या ना आपण, काकू. दहा मिनिटांचं काम आहे." तसं ते चढवलं. तिच्या फोनवर माझं पान उघडलं तेव्हा मी फोन तिच्या हातातून घेऊन ते पुन्हा पुन्हा वरखाली केलं.

ग्रुपवर मी ती खरी लिंक पाठवली नाही. सेक्रेटरी आता पुन्हा स्वतःच सूचना टाकतात आणि लोकांना तेच सोयीचं आहे. मी ती फक्त चौथ्या मजल्यावरच्या बाईंना दिली. त्या भाडेकरू आणि ग्रुप फक्त मालकांचा, म्हणून त्यांना कधी काही कळतच नाही. कळव्याच्या एका शाळेत शिपाई होत्या, आता निवृत्त आहेत, मूळच्या कोकणातल्या, एकट्याच राहतात. टँकर सुरू झाल्यापासून पाण्याची वेळ रोज बदलते, ती मी त्यांच्यासाठी पानावर घालते. आणि तरी त्या रोज फोन करायच्या. "अहो ताई, आज पाणी किती वाजता हो?" मी सांगायचे. मग त्या आपल्या गुडघ्यांचं सांगायच्या, त्यांच्याकडे येणाऱ्या मांजरीचं सांगायच्या, आज कुळीथ केलेत, येता का म्हणून विचारायच्या. एकदा बोलता बोलता म्हणाल्या, "तो वरचा हिरवा रंग कालच्यापेक्षा बरा दिसतो हो." हिरवा रंग मी त्याच सकाळी दिला होता. म्हणजे पान बघून, वेळ वाचून, मग त्या मला फोन करत होत्या. मी मात्र कशी आहे बघा. चूक पकडल्याच्या आनंदात म्हणून गेले, "अहो, मग वेळ तिथे लिहिलेली आहे ना!" "हो हो, तेही खरंच," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. घर पुन्हा होतं तसं झालं, उलट जास्तच, कारण आता फोन वाजत नाही हे ऐकू यायला लागलं होतं.

हे सगळं मी त्याच लॅपटॉपवर लिहितेय आणि हे चढवणार नाहीये. कुठे चढवायचं तुमच्यासाठी, तुमचा काही पत्ता नाही. इथेच राहू दे. पण एक सांगते आणि थांबते. सोमवारी मी पानावर लिफ्टचं घातलं, लाइटचं घातलं, आणि पाण्याची वेळ घातली नाही. मग फोनजवळ बसून राहिले. तासाभराने तो वाजला. "ताई, आज पाण्याचं लिहायचं राहिलं वाटतं तुमचं?" मी म्हटलं, "अगं बाई, राहिलंच का? वय झालं हो माझं." मग आम्ही पाऊण तास बोललो. आज शुक्रवार आहे. रोज राहतंय.