अर्धा वाटा क्लबाचा

थॉर्नबेक,
रविवार, जेवण उरकून

ती. डोरीनवहिनी,

तुमच्या दोन्ही गुडघ्यांना, म्हणजे जुन्याला आणि त्या नव्या धातूच्या गुडघ्यालाही, धाकट्या दिराचा वाकून नमस्कार.

लीड्सची हवा मानवते ना? लेकीकडून सेवा करून घ्या, पण डॉक्टरांनी जिना चढायला सांगितलं असेल तर चढा, दुखणं कुरवाळत बसू नका (हे मी म्हणत नाही, नॉर्मनदादा म्हणाला असता). तुमचं मांजर मजेत आहे. ते माझ्याकडे पोटभर जेवतं, मग शेजारी रॉयच्या दारात जाऊन उपाशी असल्याचं सोंग करतं आणि रॉय मला ऐकवायला येतो. फुटबॉल क्लबाचा सेक्रेटरी झाल्यापासून त्याला सगळ्यांना ऐकवायची सवयच लागली आहे.

तुमच्या कानावर आलं नसेल, पण आपलं मैदान उद्यापासून खणणार आहेत. गवत काढून प्लास्टिकचं अंथरायचं ठरलंय. त्यासाठी खालची हातभर माती यंत्रांनी उपसून कुठेतरी नेऊन टाकणार. हे कळल्यावर मी रॉयच्या मागे लागलो, की बाबा, एकदा मला माझा मेटल डिटेक्टर त्या मैदानावर फिरवू दे, इतक्या वर्षांत खेळणाऱ्यांच्या आणि बघणाऱ्यांच्या खिशातून काय काय पडलं असेल. तो म्हणाला, "फिरव. पण सापडेल त्यातला अर्धा वाटा क्लबाचा." आता हा आमच्या छंदातला रिवाजच आहे, ज्याची जमीन त्याचा अर्धा वाटा, त्यामुळे मी हो म्हणालो. तेव्हा मला काय ठाऊक!

काल सकाळी सुरुवात केली. यंत्र पहिल्या पावलापासून किंचाळायला लागलं. मी गुडघे टेकायचो, गवताची चकती कापून झाकणासारखी उघडायचो, आत बोटं घालायचो, काही नाही. उठलो की पुन्हा किंकाळी. मला वाटलं, खाली रोमन लोकांचं अख्खं गाव आहे. रॉय कुंपणाला टेकून चहा पीत हे सगळं बघत होता. कप रिकामा झाल्यावर म्हणाला, "क्लिफ, तुझ्या बुटांच्या टोकात लोखंड आहे." (हे त्याला चहाच्या आधीही सांगता आलं असतं.) मग उरलेला दिवस मी त्याच्या बायकोच्या फुलाफुलांच्या गमबुटांत काढला. गावातून पाव आणायला जाणारे लोक मुद्दाम वाट वाकडी करून मैदानावरून गेले.

सापडलं काय, तर पेयांच्या डब्यांच्या कड्या, बुटांचे खिळे, व्हिक्टोरिया राणीची एक पेनी (राणीचं नाक झिजून गेलंय), चांदीचं एक सहा पेन्सचं नाणं आणि लाल खड्याचा एक डूल. एकच. रॉय म्हणाला, "हा मुळातच अर्धा आहे, म्हणजे क्लबाचा," आणि खिशात टाकला. शिवाय आपला जुना गोलकीपर स्टॅन, त्याची कवळी मिळाली, तारेमुळे यंत्राने पकडली. त्यात मात्र क्लबाने वाटा मागितला नाही. स्टॅनने ती नळाखाली धुतली, तिथल्या तिथे घालून पाहिली आणि म्हणाला, "दात तेच आहेत रे, तोंड बदललंय."

तर असा सगळा फजितीचा मामला. बाकी क्षेम. नातवंडांना गालगुच्चे. तुमचे टोमॅटो मी पाणी घालून घालून मारले आहेत, त्याबद्दल समोरासमोर बोलू.

तुमचा,
क्लिफर्ड

ता. क. पत्र संपवलं, पण जे लिहायला बसलो होतो ते राहिलंच. भाजीच्या वाफ्यांकडच्या टोकाला पेनल्टीचा ठिपका आहे ना, त्याच्याखाली यंत्र वेगळ्याच सुरात वाजलं. खणलं, तर बिस्किटांचा डबा. झाकणावर हरिण. वहिनी, तो डबा मी ओळखतो, कारण दर नाताळला तसा डबा तुमच्या घरी मीच आणतो. उघडला. तुम्ही विणलेल्या तपकिरी स्वेटरच्या बाहीत गुंडाळलेली दादाची पंचाची शिट्टी होती, आणि तिच्याखाली, कागदी पिशवीत, दादा.

मी तिथेच मातीत बसलो. रॉयने लांबून विचारलं, "काय मिळालं रे?" मी म्हणालो, "खिळे." आता सगळंच लक्षात येतंय. दादाची राख मैदानात पुरायची म्हणून तुम्ही क्लबाकडे गेलात तेव्हा "हे खेळायचं मैदान आहे, स्मशान नव्हे," असं म्हणणारा रॉयच होता. मग तुम्ही दादाला व्हिटबीच्या समुद्रात सोडल्याचं सांगितलंत, आणि त्याच वर्षी, जन्मात कधी मैदानात पाऊल न टाकलेल्या तुम्ही, हंगाम संपल्यावर खड्डे बुजवायच्या दिवशी स्वतःचं खुरपं घेऊन हजर. रॉयने तुम्हाला स्वतःच्या हाताने वाळूची बादली आणून दिली होती आणि सगळ्यांसमोर तुमचं कौतुकही केलं होतं. तेव्हापासून त्या ठिपक्यावरून मारलेली एकही पेनल्टी गोलात गेलेली नाही, पाय टेकला की जमीन खचते. आणि दर शनिवारी त्याच गोलमागे, पावसात, घडीची खुर्ची टाकून विणत बसलेल्या तुम्ही. आम्ही म्हणायचो, म्हातारीला फुटबॉलचं वेड लागलंय. मला माफ करा.

पण एक बोलतोच. मी दोन वर्षं व्हिटबीला जाऊन समुद्रात दादाच्या नावाने अर्धा ग्लास बिअर ओततोय. थंडीने नाक गळायचं, सीगल हातातले चिप्स पळवायचे, तरी उभा राहायचो. मला सांगितलं नाहीत, त्याचं वाईट वाटलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे कबूल, पण हा भिजला असता.

ता. क. २. डबा कोटाखाली लपवून घरी आणला आहे, उद्याच्या यंत्रांची काळजी नको. मी रॉयला म्हणालो, गोलमागे, जिथे डोरीनवहिनी बसतात तिथे, नॉर्मनच्या नावाने एक सफरचंदाचं झाड लावू. तो म्हणाला, "लावू. खड्डा मी खणतो. त्याच्या शिट्टीवाचून मैदान सुनं वाटतं." म्हणजे झाडाच्या मुळाशी जागा होईल, तीही क्लबाच्याच हाताने. पानं गळाल्यावर, नोव्हेंबरमध्ये लावायचं आहे. तोवर तुम्ही चालायला लागाल. चालेल की नाही तेवढं कळवा, पण पत्रानेच. फोनवर मी मोठ्याने बोलतो आणि रॉयची भिंत पातळ आहे.

ता. क. ३. रिवाजाप्रमाणे अर्धा वाटा मालकाचा. मालक तुम्ही, रॉय नव्हे. पण उरलेला अर्धा शोधणाऱ्याचा, म्हणून विनंती आहे की नोव्हेंबरपर्यंत दादाला माझ्याकडे राहू द्या. टीव्हीसमोरच्या खुर्चीत ठेवलाय, मांजर शेजारी झोपतं. तुम्हाला आठवत असेल, अंतिम सामन्यात त्याने आपल्याच गावाविरुद्ध, माझ्या हाताला चेंडू लागला म्हणून पेनल्टी दिली होती, आणि त्यावरून तो जाईपर्यंत आम्ही भांडलो. काल त्याला समोर बसवून पुन्हा सांगितलं, चेंडू खांद्याला लागला होता. काही बोलला नाही. इतकी वर्षं मी याचीच वाट बघत होतो, वहिनी, आणि आता त्यात काही मजा नाही.