पांढऱ्या बगळ्यासाठी बल्ब

प्रिय अहो,

एकाच घरात राहून नवऱ्याला पत्र लिहिणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, ती आता पाहा. तोंडाने बोलून मी थकले. मी बोलायला लागले की तुमचं लक्ष माझ्या डोक्यावरच्या बल्बकडे. मग स्टूल येणार, बल्ब उतरणार, दुसरा चढणार, आणि मी काय म्हणत होते ते मलाही आठवत नाही. कागदावर तुम्हाला मधेच स्टूल आणता येत नाही, म्हणून आज सगळं सांगून मोकळी होते.

आधी आपल्या घराचं बघा. बैठकीच्या खोलीत इतका लख्ख पांढरा उजेड की तिथे बसलं की वाटतं, आता कोणीतरी येऊन माझा दात उपटणार. आणि स्वयंपाकघरात तुम्ही नापास केलेला सगळा माल! एक पिवळट, एक गुलाबीसर, एक मनात येईल तेव्हा लागणारा. त्या उजेडात टोमॅटो पिकलाय की नाही हेसुद्धा मला हाताने दाबून बघावं लागतं. कपाट उघडावं तर टॉवेलच्या घडीत बल्ब. माझ्या चपलांच्या खोक्यात बल्ब, तेही वर फडकं पांघरून निजवलेले. जन्मभर तुम्ही नकाशे काढलेत, निवृत्त झाल्यावर लाकडाचे पक्षी कोरायला आणि रंगवायला लागलात, तेव्हा मला बरंच वाटलं होतं. माणूस घरात आणि हात कामात. पण पक्षी रंगवायला इतका उजेड लागतो हे आधी कळलं असतं, तर मीच तुम्हाला पत्ते कुटायला धाडलं असतं.

त्यात तुमची ती रविवारची बल्बपरीक्षा. तुम्ही, छापखानेवाले आणि टेलरमास्तर, तिघंही पक्षी रंगवणारे, तिघंही हट्टी. नवा बल्ब आधी आपल्या टेबलावरच्या होल्डरमध्ये लावायचा, खाली तुमचा पांढरा बगळा उभा करायचा आणि तिघांनी पसंत केल्याशिवाय कोणी तो आपल्या घरी लावायचा नाही, हा तुमचा नियम. तिघांनी पसंत करायचा म्हणे! छापखानेवाले खोक्यावरचे आकडे असे वाचतात जणू मुलीला स्थळ सांगून आलंय. किती वॅट, किती ल्युमेन, किती केल्विन, घराणं चांगलं आहे. टेलरमास्तरांचं एकच पालुपद, बल्ब म्हणजे गिऱ्हाइकाला फसवायची सोय, कापड असो की बगळा, उन्हात नेऊन बघा. त्यावर छापखानेवाले म्हणणार, मग तुम्ही होल्डरमध्ये सूर्यच अडकवा की. टेलरमास्तर म्हणणार, तुमच्या त्या पांढऱ्या बल्बाखाली धडधाकट माणूससुद्धा गेल्यासारखा दिसतो. तुम्ही खो खो हसणार, आणि मी चहाचा तिसरा घाणा काढणार. कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिकवाला तर तुम्हा तिघांना येताना पाहिलं की शटर अर्धं खाली ओढतो. बिचाऱ्याने करावं तरी काय? तुम्ही प्रत्येक बल्ब लावायला लावता, त्याखाली आपला तळहात धरता, मग त्यालाही त्याचा धरायला लावता. त्याने मला एकदा सरळ विचारलं की काकू, यांना बल्ब लावायचाय की दत्तक घ्यायचाय.

चिडायची मी, पण हसायचीही. मग हळूहळू हसू येईनासं झालं. कारण वर्षभर तुम्ही प्रत्येक बल्ब एकाच गुन्ह्यासाठी नापास करत होतात. पिवळा आहे. पांढऱ्यातला पांढरा बल्ब आणला, तरी पिवळा. आणि तो पिवळेपणा घालवायला तुम्ही बगळ्याला हात मारत राहिलात. रंगात निळा जरासा, आणखी जरासा. शेवटी तो बगळा नीळ जास्त पडलेल्या बनियनसारखा दिसायला लागला. त्या दिवशी छापखानेवाल्यांनी तो हातात घेतला आणि म्हणाले, वा, छान. तो माणूस स्वतःच्या बायकोच्या हातचं खाऊनही कधी छान म्हणालेला नाही! नंतर पाण्याच्या निमित्ताने ते स्वयंपाकघरात आले आणि हळूच मला विचारलं, वहिनी, चहा ओतताना बाहेर सांडतो का हो त्याच्याकडून?

सांडतो. मी रोज पुसते. पेपर वाचणं तुम्ही सोडलंत, म्हणे त्यात वाचण्यासारखं काही नसतं. जिन्यावर माझं कोपर धरता आणि वर मलाच सांगता की जपून उतर. मला काय कळत नव्हतं? डॉक्टरकडे चला म्हणून मी किती कानीकपाळी ओरडले. मी डोळे म्हटलं की तुम्ही वॅट म्हणायचात. उजेडातलं इतकं कळणारा माणूस, पण दोष बल्बमध्ये नाही, बघणाऱ्यात आहे, एवढं त्याच्या डोक्यात शिरू नये? की शिरलं होतं आणि तुम्हीच दार लावून घेतलं होतंत?

मग तो रविवार. टेलरमास्तरांनी कंटाळून बगळा उचलला आणि सगळ्यांना गॅलरीत नेलं. भर दुपार, डोळे दिपावेत असं ऊन. तुम्ही बगळा इकडून तिकडून फिरवलात आणि अगदी गंभीरपणे निकाल दिलात की आज ऊनही जरा पिवळंच पडलंय. मला वाटलं, आता टेलरमास्तर तुम्हाला सोलून काढणार. त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि गुंडाळत बसले. छापखानेवाले म्हणाले, हो, हवेत धूळ आहे थोडी. टेलरमास्तर म्हणाले, आहे खरी. इतक्या वर्षांत त्या दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं. आणि मी मात्र फाडकन बोलले, अहो, सूर्यालाही नापास केलंत तुम्ही! तुम्ही वळून खोलीत आलात. बगळा ठेवायला हाताने टेबलाची कड चाचपलीत, आणि तेव्हा मला इतका राग आला, तुमचा, त्या दोघांचा, सगळ्यांचा, की मी आत जाऊन भांडी आपटत बसले.

ते दोघं गेल्यावर तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन दादांचं सांगितलंत. तुमचे थोरले भाऊ शेवटी आंधळे झाले होते एवढंच मला माहीत होतं. ते आपल्या पायांनी डोळ्याच्या ऑपरेशनला गेले आणि तुमचा हात धरून परत आले, पुढे रोज तुम्ही त्यांना पेपर वाचून दाखवायचात, हे तुम्ही मला कधी सांगितलंच नव्हतं. बल्ब बदलून आणता येतो, डोळा बिघडवून ठेवला तर काय करायचं, असं म्हणालात. भल्या माणसा, एवढं एक वाक्य आधी बोलला असतात तर! मी वर्षभर हट्टीपणा म्हणून ज्याला शिव्या घातल्या, ती भीती होती. मी का कोणी परकी होते?

डॉक्टरीणबाई मात्र गोड निघाल्या. दादांचा आजार वेगळा होता, हा मोतीबिंदू आहे, त्यानेच सगळं पिवळं दिसतं, हे त्यांनी तुम्हाला नीट समजावलं. पण उशीर झालाय हेही सांगितलं. फार पिकलाय, ऑपरेशन सोपं नाही, आम्ही प्रयत्न करू, असं त्या म्हणाल्या. मी तिथे जीव मुठीत धरून बसलेली, आणि तुम्ही त्यांना विचारता की आत ऑपरेशनच्या टेबलावर बल्ब कुठला लावता! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

आता तुम्ही त्याच बल्बाखाली आहात. दार बंद आहे आणि मी बाहेरच्या बाकावर मांडीवर पर्स, त्यावर कागद ठेवून लिहितेय. आत नेताना तुम्ही माझा हात सोडत नव्हतात आणि मी म्हणाले, जा आता, पुरे झाली नाटकं. तेवढंच तोंडातून निघालं. मला फार भीती वाटतेय हो. वर्षभर तुमच्यासाठी मी सगळं जाड पेनाने मोठ्ठं लिहीत आले, औषधाच्या बाटल्यांवर, डब्यांवर, फोनजवळच्या चिठ्ठीवर. आज मुद्दाम पेन्सिलीने लिहिलंय, बारीक, लग्नाआधी तुम्हाला लिहायची तसं. उद्या पट्टी निघाली की हा कागद तुमच्या हातात देईन आणि गप्प बसेन. छापखानेवाल्यांना नाही, टेलरमास्तरांना नाही, कोणालाही तुम्हाला वाचून दाखवू देणार नाही. तुमचे तुम्ही इथवर वाचत आलात ना, अहो? मग मान वर करा. मी समोरच बसलेय.

तुमचीच