देठानं धरलेले शब्द

४ फेब्रुवारी, बुधवार
दोन महिने वही कोरी. माफ कर गं वही, सबब काही नाही, आळस केला.
पिंपळगावच्या एका द्राक्ष-पॅकहाउसात दर रविवारी आणि बुधवारी इंग्रजी शिकवते आहे. घड निवडणाऱ्या अकरा बायका, सगळ्या हिंदी बोलणाऱ्या. त्यातल्या बिहारच्या रेखाला लाइनची सुपरवायझर व्हायचंय. मॅनेजरांची अट एकच : परदेशी गिऱ्हाइकाचं सूचनापत्र वाचून हिंदीत सांगायचं. शनिवारी, १४ला.

८ फेब्रु., रवि.
एकही अर्थ सुटायला नको म्हणून 'फाइन', 'केस', 'लॉट', 'डेट' यांचे सगळे अर्थ फळ्यावर लिहिले. रेखा म्हणाली, "मैडम, एक कोठरी में चार-चार किराएदार!" खूप हसलो. पण वाचताना ती यादीतला पहिलाच अर्थ उचलते. खोक्याच्या जागी मुकदमा. दोष माझ्या यादीचा.
घरी नवरा, अनिल : "शिकवतेस की कपाट उपसतेस?" लागलं. खरं होतं म्हणून.

११ फेब्रु., बुध.
लवकर पोचले, लाइन चालू होती. सहज एक घड मुठीत घेतला. रेखा : "अरे मैडम, दाना मत छुइए." मण्यांवरची पांढुरकी, मेणासारखी भुकटी पुसली जाते म्हणे. देठ धरायचा, घड चारी बाजूंनी फिरवायचा, मगच कात्री.
वर्गात ती पुन्हा 'केस'पाशी अडली. मग स्वतःच, "इसको भी घुमाके देखें?" ओळ शेवटपर्यंत वाचली, मागचे-पुढचे शब्द पाहिले. "पेटी है. पैकिंग में कोर्ट-कचहरी कहाँ से आएगी!" पुढच्या सहा ओळी सलग.
मी यादी पुसून टाकली. परतताना बसमध्ये एकटीच हसत होते.

१४ फेब्रु., शनि.
रेखाचा फोन. वाचलं तिनं. एका शब्दाला थांबून मॅनेजरांना सरळ म्हणाली, "इसका मतलब यहाँ पक्का नहीं है, पूछके बताऊँगी."
मी अंदाजानं ठोकून दिलं असतं. पेट्या चुकीच्या गेल्या असत्या, हे मला सुचलंसुद्धा नसतं.
मॅनेजर हो म्हणाले नाहीत, नाहीही नाही. सोमवारी नवं पत्र अख्ख्या लाइनला समजावून काम लावायचं, मग ठरवणार.

१५ फेब्रु., रवि.
आज वर्ग तिनंच घेतला, उद्याची तालीम म्हणून. बाकी दहाजणी लाइन झाल्या, मी कोपऱ्यात. एक फिदीफिदी करू लागली तर रेखा : "हँस लेना बहन, पहले पेटी भर."
निघताना मला : "कल आइए मैडम. लेकिन बीच में बोलिएगा मत."
ओळखलंय तिनं मला. कामावर उद्याची रजा टाकली.
उद्या : सातची बस; मागे उभं राहून गप्प बसणे.