दाराखालची फट

ता. २ डिसेंबर

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

थंडीत माणसं एकमेकांजवळ सरकतात ती थंडीमुळे की शेगडीमुळे? इतकं शिकून मला याचं उत्तर येत नाही, म्हणून तुला विचारते. ताई हे वाचून दाखवताना हसेल. हसू दे.

निघताना तू शेगडी बांधून दिलीस तेव्हा मला ते ओझं वाटलं होतं. आता आमचा सगळा मजला तिच्याभोवती बसतो. दिवसभर प्रयोगशाळेत शहराच्या पाण्याच्या बाटल्या तपासून बोटं लाकडासारखी होतात. परतले की गॅलरीत शेगडी पेटवते, ज्याने त्याने आपापले कोळसे आणायचे. शिवणकाम करणाऱ्या मावशी असतात, समोरचा कंपाउंडर असतो आणि शेजारच्या खोलीतले खिळेकाका. त्यांनी छापखान्यात जन्मभर खिळे जुळवले, म्हणून हे नाव. मला ते बी.एस्सी.बाई म्हणतात आणि कोळसा पेटेना की विचारतात, पुस्तकात फुंकर मारायचा धडा गाळला होता का? खाली धुक्यात रस्त्यावरचे दिवे कापूस पिंजल्यासारखे दिसतात. कपातल्या चहाने आधी हात शेकायचे, मग तो प्यायचा. एवढ्यानेही दिवस सार्थकी लागल्यासारखा वाटतो.

पण मालकाने गॅलरीला नवा रंग दिला आणि काजळी धरते म्हणून शेगडीला बंदी केली. आता ती काकांच्या खोलीत असते. त्यांनाच उबेची गरज जास्त. कबुतरं येतात म्हणून त्यांच्या दारावरची काचेची झडप मालकाने ठोकून बंद केली आहे, तेवढाच वारा कमी.

बाबांचा खोकला कसा आहे? ताईला नमस्कार. आहे ती माया अशीच असू दे.

तुझी,
धाकटी

ता. १० डिसेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आई सांगते आहे, मी लिहिते आहे. मधले टोमणे माझे.

तुझ्या प्रश्नाचं आईचं उत्तर असं, की शेगडीमुळेच. नुसत्या थंडीत माणूस स्वतःचे गुडघे पोटाशी घेतो, दुसऱ्याकडे बघतसुद्धा नाही. हे आपण शाळेची पायरी न चढता सांगितलं, असं मुद्दाम लिहायला लावलं आहे.

काकांसाठी तिचा निरोप. निजायच्या वेळी निखारे विझवू नका, राखेखाली झाका. पहाटेपर्यंत ऊब राहते आणि सकाळच्या चहाला काडी लागत नाही. दाराखालच्या फटीला गोणपाट लावा. तू तान्ही असताना ती रोज असंच करायची, म्हणून तर जगलीस, असं म्हणते. तुला जगवल्याचं श्रेय ती अजून कुणाला घेऊ देत नाही.

आपल्या घरावर नवा स्लॅब टाकला! कौलं गेली. आई वर बघते आणि म्हणते, आता वाऱ्याला शिरायला सुईएवढी जागा नाही. कडाका वाढला की बाबांच्या खाटेजवळ मोठी शेगडी ठेवणार आहे. बाबा म्हणतात, आता मला भाजून काढा. खोकला आहे तसाच आहे. तू मात्र वाईट काही लिहू नकोस. लिहिलंस तरी ते मी वाचताना गिळते, तुला माहीत आहे.

सर्वांचा तुझ्यावर जीव आहे, हे वेगळं लिहायला नको.

तुझी,
ताई

ता. २२ डिसेंबर

तीर्थरूप आईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझा निरोप तंतोतंत पाळते. रोज रात्री शेगडीपासून उठताना मीच निखाऱ्यांवर राख ओढते, बाहेर येऊन दार लावते आणि फटीत गोणपाट कोंबते. काकांनी तुला नमस्कार सांगितला आहे. म्हणतात, बायको गेल्यापासून इतक्या काळजीनं कुणी दार लावलं नव्हतं. आता त्यांना लहान मुलासारखी झोप लागते. सकाळी डोकं तेवढं जड असतं आणि चहाची चव लागत नाही. मावशी म्हणाल्या, या वयात डोकं दुखलं नाही तरच डॉक्टरकडे जावं. काका स्वतःच मोठ्यानं हसले.

रविवारी त्यांच्यासोबत जिन्यात ऊन खात बसले. छापलेला कागद दिसला की त्यातली चूक त्यांच्या डोळ्यांत खुपते. कंपाउंडरच्या औषधाच्या वेष्टनावरसुद्धा त्यांनी दोन काढल्या.

ताईला सांग, वाईट काही नाहीच, तर लिहू काय? लोभ उणा होऊ देऊ नये.

तुझी,
धाकटी

ता. ५ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

इथे थंडी मी म्हणते आहे. आईने परवापासून शेगडी आत घेतली. खिडकी बंद, दाराला गोणपाट, सगळा तुझ्या काकांसारखाच थाट. बाबांना गाढ झोप लागते. सकाळी मात्र डोकं जड असतं, काल उलटीही झाली. आई म्हणते, नव्या सिमेंटचा वास बाधतो. माझंही डोकं ठणकतं, पण मला कोण विचारतं!

काका बरे ना? मायेत अंतर नाही, उत्तर लवकर दे.

तुझी,
ताई

ता. १२ जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांस आणि ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

माझ्या तारेला ताईची उलट तार आली, शेगडी अंगणात काढल्याची, बाबा ठीक असल्याची. तेव्हा कुठे हे लिहायला बसले. ताई, यातला एकही शब्द गिळू नकोस.

खिळेकाका गेले. सकाळी दार वाजवलं, ते उघडेना, मग कंपाउंडरने आतली कडी तोडली. काका कुशीवर झोपले होते. गाल लाल होते. मावशी म्हणाल्या, शेवटपर्यंत ऊब मिळाली, पुण्यवान माणूस. डॉक्टरांनी वय आणि थंडी असं कारण सांगितलं. मीही मान डोलावली आणि त्यांच्यासाठी रडले.

त्याच संध्याकाळी ताईचं पत्र आलं. सकाळी डोकं जड असतं, हे शब्द वाचले आणि तारघरापर्यंत पळत गेले. उलट तार येईपर्यंत मी कशी राहिले, ते लिहवत नाही.

आई, कोंडलेल्या खोलीत कोळशातून एक वायू निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, झोपेतच माणूस जातो. आणि गाल लाल राहतात. आपल्या कौलांना शंभर फटी होत्या, म्हणून मी जगले. तू सांगितलंस ते त्या घरात खरं होतं. तुला हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. परीक्षेत मी यावर पानभर उत्तर लिहिलं होतं आणि पूर्ण गुण मिळवले होते. तरी रोज गोणपाट कोंबताना मला फक्त तू दिसायचीस, माझ्या पायांवर पांघरूण ओढणारी. म्हणून आई, काकांसाठी रड, पण स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. तो माझ्या वाट्याचा आहे.

हे लपवलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण काकांच्या खोलीत सोमवारी एक टायपिस्ट तिच्या आजारी आईला घेऊन राहायला येते आहे, आणि मावशींनी तिला द्यायला तेच गोणपाट धुऊन ठेवलं होतं.

काकांची मुलगी सामान न्यायला आली, तेव्हा सगळ्या मजल्यासमोर तिला सांगितलं. कंपाउंडर मला गप्प करत होता, म्हणाला, झालं गेलं, आता कशाला? तिने मावशींच्या हातून गोणपाट घेतलं, त्याची नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवून निघून गेली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला घरी बोलावू नका. तुमचा हात डोक्यावर असू द्या, आता तो फार हवा आहे.

तुमची,
धाकटी

ता. क. मालक झडप उघडायला तयार नव्हता, म्हणून काल तिची काच मी हातोडीने फोडली. त्याने मला महिनाअखेर खोली सोडायला सांगितलं आहे. शेगडी आज पुन्हा गॅलरीत पेटवली. बराच वेळ एकटीच बसले होते, मग मावशी आल्या आणि आपले कोळसे घालून गेल्या. नव्या रंगावर काजळी धरली आहे.